खकाणा

नंदूशेठच्या डंकावर पंखा नव्हता. म्हणजे छताला होता, तीन पात्यांचा, पण त्याच्या बटणावर चिकटपट्टी मारलेली होती. फेब्रुवारीत मसाल्याचा हंगाम लागला की ती पट्टी लागायची आणि जूनच्या तोंडावर निघायची. पंखा फिरला तर चाळणीवरची मिरची उडते, गिऱ्हाइकाचा माल हवेत जातो. बायकांचा घाम कुठे जातो हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. घाम कपाळावरून निघायचा आणि भुवया ओलांडून सरळ डोळ्यांत जायचा.

घाटकोपरच्या भटवाडीत, डोंगराच्या पायथ्याला, पत्र्याच्या छताखाली हा डंक. लोखंडी मुसळं खालीवर होत मिरची कुटायची आणि त्या दणक्याने शेजारच्या न्हाव्याचा आरसा दिवसभर थरथरायचा. कोकणातून आलेली निम्मी भटवाडी वर्षाचा मसाला इथेच करून नेई. माणसं मिरच्यांच्या पिशव्या घेऊन यायची आणि कुटून हातात पडेपर्यंत दारात उभी राहायची. आपली मिरची नजरेआड करायची नाही, हा नियम. शेठ कितीही गाववाला असला तरी मिरचीच्या बाबतीत सख्ख्या भावावरही विश्वास ठेवू नये, असं बायका त्याच्या तोंडावर म्हणत, आणि तोही हसून मान डोलवी.

चाळणीवर बसायची वनमाला. वय सत्तावन्न, अंगाने किडकिडीत, नाकावर रुमाल, पदर कमरेला खोचलेला. कुटलेली मिरची बारीक चाळणीतून चाळायची, वर राहिलेली भरड पुन्हा डंकात टाकायची, हे तिचं काम. सगळा खकाणा उडतो तो चाळणीवरच. तिखटाची ती लाल धूळ नाकात गेली तर ठसका, घशात गेली तर खोकला आणि डोळ्यांत गेली तर विचारूच नका. म्हणून डंकावर एक रीत होती. जिच्या डोळ्याला पाणी येतं तिने देठ खुडावेत, फार तर भाजणीच्या कढईपाशी उभं राहावं. चाळणीवर बसायचं ते जिचे डोळे कोरडे राहतात तिने. चौदा हंगाम वनमालाच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. नवी गिऱ्हाइकं तोंडाला ओढणी लावून खोकायची, आणि नंदूशेठ मोठ्या तोंडाने सांगायचा, "बघा आमची वयनी. मिरचीच तिका घाबारता."

वनमालाला हे ऐकायला आवडायचं. का आवडू नये? शाबासकी तिच्या वाट्याला दुसरी कुठली आली होती?

पण त्या एप्रिलात तिचा उजवा डोळा बिघडला होता. आठ दिवस झाले, पापणीच्या आत वाळूचा कण रुतावा तसं टोचत होतं. सकाळी उठलं की पापण्या चिकटलेल्या. उजेडाकडे बघवेना. त्यात ऊन असं की सकाळी नऊला पत्रा तापायचा, आणि दुपारी छताकडे हात नेला तरी आच लागायची. पाणी मात्र अजून येत नव्हतं. बाकीचं कुणाला सांगायची गरज नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

घरात लपवणं अवघड गेलं. सून मानसी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायला असायची. दिवसभर लोकांच्या नसा शोधणारी पोरगी, तिच्या नजरेतून काय सुटणार?

"आई, काय हे डोळे? वाट लागलीय पार. दाखवा इकडे."

"काय नाय झालेला. झोप नाय लागली."

"आठ दिवस झोप लागली नाही?"

"तू तुझी भाकरी खा गो."

गुणाजी, वनमालाचा नवरा, खाटेवर बसून बनियनने वारा घेत होता. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं वॉचमनगिरी करून आता घरी बसलेला. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर औषध असायचं. "गुलाबपाणी घाल. नायतर कोथमिरीचो रस. माझी आवस तूप घालायची डोळ्यात."

"आणि तुमची आवस शेवटी आंधळी झाली," वनमाला म्हणाली.

"ती म्हातारपणान झाली."

"तुपान नाय झाली ह्या कोणी सांगल्यान तुमका?"

मानसीला हसू आलं, पण तिने सासूचा हात धरून बोटं हुंगली. "साबणाने धुतले तरी वास जात नाही. ह्याच हातांनी डोळे पुसता ना?" वनमालाने हात ओढून घेतला. उत्तर होतं, पण ते द्यायचं नव्हतं.

डंकावर त्या आठवड्यात एक नवी मुलगी लागली होती. श्रुतिका. बारावी झालेली, निकालाची वाट बघत घरी बसण्यापेक्षा काहीतरी करते म्हणून आलेली. तिला देठ खुडायला बसवलं. लवंगी मिरचीचे देठ खुडायचे म्हणजे बोटांच्या टोकांना आग लागते. पहिल्या दिवशी मुलीने दहा वेळा हात धुतले. नंदूशेठ म्हणाला, "पाणी काय फुकट येता काय?" दुसऱ्या दिवशी तिने दोनदाच धुतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, बाराचा सुमार, तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला आणि तिने तो मिरचीच्या हाताने पुसला.

किंकाळी अशी आली की कढईपाशी उभ्या मीराच्या हातचा झारा खाली पडला. श्रुतिका दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून जमिनीवर बसली होती. वनमाला चाळणी टाकून धावली. तिने काही विचार केला नाही. विचार करायची ती वेळच नव्हती. पोराच्या डोळ्यात काही गेलं की बाई काय करते? पदराचा बोळा करते, त्यात तोंडाची ऊन वाफ सोडते आणि डोळ्यावर धरते. तिच्या आईने केलं होतं. तिने स्वतःच्या मुलाच्या, निलेशच्या, डोळ्यांवर शंभर वेळा धरला होता. तिने पदर कमरेतून उपसला, बोळा केला, हा हा करून वाफ दिली आणि मुलीची मूठ बाजूला करून डोळ्यावर दाबला.

मुलगी दुसऱ्यांदा ओरडली ती पहिल्यापेक्षा मोठ्याने.

तो पदर सकाळपासून चाळणीवर लोंबत होता. त्याच्या विणीत खकाणा भरला होता, आणि वनमालाने तो वाफेने ओला करून पोरीच्या डोळ्यात घातला होता. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिचा हात तिथेच थबकला.

"मागल्या दारान ने तिका," नंदूशेठ दबक्या आवाजात म्हणाला. "गिऱ्हायकां उभी आसत. तमाशो नको."

"पाणी आण," वनमाला म्हणाली.

"आदी भायेर ने."

"नंदू, पाणी आण म्हणतंय मी!"

गिऱ्हाइकांसमोर ती त्याला शेठ म्हणायची. गावात तो अर्ध्या चड्डीत फिरत होता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती, पण इथला तो शेठ होता आणि ही रीत तिने कधी मोडली नव्हती. आज तोंडातून नंदू निघून गेलं. मीरानेच बादली आणली. मुलीच्या डोळ्यांवर तांब्यामागून तांब्या पाणी घातलं, आणि मग वनमाला तिला रिक्षात घालून पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेली. रिक्षात श्रुतिका तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती आणि वनमाला पदर तिच्यापासून लांब, रिक्षाच्या बाहेर धरून बसली होती.

दवाखान्यात शर्मिष्ठा मॅडम म्हणून डॉक्टर होत्या. बोलायला फटकळ, हाताने हलक्या. त्यांनी मुलीचे डोळे सलाईनच्या पाण्याने कितीतरी वेळ धुतले. मग विचारलं, "चोळला कुणी हा डोळा?"

"हिनेच," वनमाला म्हणाली.

"नुसता हात नाही लागलेला. काहीतरी दाबलंय. कपडा?"

श्रुतिका गप्प राहिली. पोरीने तिला वाचवायला तोंड मिटलं होतं, आणि त्याचीच वनमालाला जास्त लाज वाटली.

"मीच केलं," ती म्हणाली. "माझ्या पदराने वाफ दिली. कामावरचाच पदर. सगळा तिखटाने भरलेला."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, आणि नजर तिच्या उजव्या डोळ्यावर थांबली. "तुम्ही बसा इथे."

डोळ्याच्या कडेला एक पिवळी पट्टी टेकवली, निळा दिवा मारला. "बुबुळावर ओरखडा आहे. किती दिवस चोळताय?"

"आठ... दहा दिवस."

"आणि टोचतंय एवढं, तर पाणी कसं नाही येत?"

एवढ्या लाजेतही वनमालाचा कणा जरा ताठ झाला. "माझ्या डोळ्याला येतच नाही पाणी. चौदा वर्षं चाळणीवर बसते मी."

"आणि ही कौतुकाची गोष्ट आहे?" डॉक्टरने दिवा बंद केला. "बाई, पाणी येतं म्हणजे डोळा स्वतःला धुतो. तुमच्या डोळ्याने धुणं सोडून दिलंय. रोज तिखट खाऊन खाऊन त्याला आता काही कळेनासं झालंय. ह्याच ओरखड्यावर पुन्हा तिखट गेलं, जखम चिघळली, तर बुबुळावर पांढरा डाग राहतो. मग ह्या डोळ्याने चाळणीची जाळीसुद्धा दिसणार नाही."

चौदा वर्षं जी गोष्ट मिरवली ती रोग निघाली होती. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात आणि नंतर कळावं की आपण चुकीच्या लग्नात नाचलो, तसं तिला झालं.

डॉक्टरने सांगितलं ते मात्र तिने नीट ऐकलं. चार दिवस काम बंद, औषधाचे थेंब वेळेवर. डोळा चोळायचा नाही, खाजला तर गार पाण्याची स्वच्छ घडी ठेवायची. पदर नाही, रुमाल नाही, तूप नाही, गुलाबपाणी नाही, मेडिकलवाल्याने मनाने दिलेले थेंब तर अजिबात नाहीत. मिरचीच्या हाताला आधी तेल चोळायचं, मग साबण, तोवर हात तोंडाकडे न्यायचा नाही. तिखट गेलंच तर नळाखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटं. कपाळाला पट्टी बांधायची म्हणजे घाम खाली येत नाही. "आणि चष्मा घाला. चारी बाजूंनी बंद असतो तो. नाहीतर परत माझ्याकडे येऊ नका."

मानसीने दुसऱ्याच संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून चष्मा आणला. जाड पारदर्शक काच, रबराची कड, मागे पट्टा. वनमालाने तो हातात घेऊन उलटसुलट केला. "ह्यो घालून मी भटवाडीत फिरू? लोक हसतले."

"हसू देत ना. लॅबमध्ये मी घालते, मला कुणी हसतं?"

"तू शिकलेली. माका मुखवटो घातल्यासारखा दिसतला."

तिने घालून आरशात पाहिलं आणि स्वतःच हसली. मानसीही हसली. गुणाजी मात्र हसला नाही. तो खाटेवर उठून बसला.

"गिरणीत आमच्या डोळ्यात पिंज जाय," तो म्हणाला. "कापसाची. दिवस मावळेपर्यंत डोळे गुंजेसारखे लाल. एकदा मी मुकादमाक म्हटला, चष्मो तरी देवा. तो म्हणालो, काय रे गुणाजी, नवरदेव झालंस काय? अख्खा खातां हसला. मीय हसलंय." त्याने चष्म्याच्या काचेकडे पाहिलं. "थंयच चुकला माझा. हसाक नको होता."

चाळीस वर्षांत ही गोष्ट त्याने तिला सांगितली नव्हती. वनमालाने चष्मा काढला, स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला. घरात लहानसहान मोलाची वस्तू तिथेच ठेवायची पद्धत होती.

पाचव्या दिवशी, सोमवारी, ती डंकावर गेली. हंगामाचा ऐन भर. दारात आठ-दहा गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी. चार दिवस मीरा चाळणीवर बसली होती आणि तिचं तोंड सुजलं होतं. श्रुतिका डोळे निवळल्यावर पुन्हा देठ खुडायला आली होती. वनमालाने हातांना तेल लावलं, कपाळाला पट्टी बांधली, पदर पाठीमागे घट्ट खोचला आणि चष्मा घातला.

पहिल्यांदा न्हावी हसला, पलीकडच्या दुकानातून. मग गिऱ्हाइकं. एक माणूस म्हणाला, "मावशी, स्कूटर कुठे लावली?" सगळे खिदळले. वनमालाच्या ओठांच्या कडा सवयीने वर जायला लागल्या. हसून घेतलं की संपतं. तिने दात दाबून धरले आणि चाळणी ओढली. हसायचं नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

मग नवीन बिल्डिंगमधली एक बाई, तोंडाला ओढणी लावून, नंदूशेठला म्हणाली, "हो, पण ह्यांना चष्मा का लागतो? मिरचीत काही केमिकल-बिमिकल नाही ना घालत? रंग वगैरे?"

नंदूशेठचा चेहरा उतरला. तो चाळणीपाशी आला, वाकला. "वयनी, काढ तो."

"डॉक्टरान सांगल्यान."

"डॉक्टर माझो धंदो चालवता काय? लोक काय म्हणतले? आज तू घातलंस, उद्या मीरा मागतली, परवा ता नवा चेडू."

"मागूंदेत. तेंका डोळे नाय आसत?"

"चौदा वर्सां काय झाला नाय तुका!"

"चौदा वर्सां तुका दिसला नाय, नंदू. माकाय दिसला नाय. आता दिसता."

दारातली माणसं ऐकायला पुढे सरकली. मुसळं दणदणत होती. शेठने आवाज चढवला, कारण आता गप्प राहिला असता तर त्याची शेठकी गेली असती. "चष्मो काढ, नायतर चाळणीवरसून उठ."

वनमाला उठली. "चष्मो मी काढूचंय नाय," ती म्हणाली, "आणि काम सोडलंय असा पण म्हणूचंय नाय. तू उठवलंस म्हणून उठलंय."

ती घरी गेली नाही. डंकाच्या पायरीखाली गटारावरची फरशी होती, तिच्यावर जाऊन बसली. पायरी नंदूची, पण फरशी पालिकेची. नंदूशेठला हे चांगलं ठाऊक होतं.

दोन दिवस ती तिथे बसली. सकाळी आठला यायची, चष्मा घालून बसायची, दुपारी भाकरी तिथेच खायची. साडेअकरापर्यंत फरशीवर ऊन असायचं आणि बसवत नसे, तरी बसली. ऊन फार झालं की चष्मा कपाळावर सरकवून गार पाण्याची घडी डोळ्यांवर ठेवायची आणि पुन्हा चष्मा खाली ओढायची. येणारा प्रत्येक जण विचारायचा, वयनी, तुम्ही बाहेर कशा? आणि ती प्रत्येकाला तेच सांगायची, आवाज न चढवता आणि न उतरवता: "चष्मा घातला म्हणून शेठने चाळणीवरून उठवलं. डोळ्याला जखम आहे. चष्मा काढला तर डोळा जाईल." रडगाणं नाही, शिव्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर नंदूशेठला सोपं गेलं असतं.

पहिल्या संध्याकाळी तो पायरीवर येऊन म्हणाला, "वयनी, गावची माणसा आपण. माझी लाज कित्या काढतस?"

"लाज आसा मा तुका? मगे बरा झाला."

तो आत गेला. ही बाई घरी जावी म्हणून त्याने देवाला नवस बोलायचाच बाकी ठेवला होता. घरी गुणाजी तिच्या तापलेल्या पायांवर ओला टॉवेल ठेवायचा आणि विचारायचा, "हसलंस नाय मा?"

"नाय."

"बरा केलंस."

तिसऱ्या दिवशी माधुरी टीचर आल्या. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, अर्ध्या भटवाडीला मारून शिकवलेलं, गावाहून नव्याने आलेल्या नंदूशेठलाही. त्यांच्या दोन पिशव्या मिरच्या. फरशीवरून सगळं ऐकून घेऊन त्या आत गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. "वनमालाच्या हातचा मसाला नेते मी दरवर्षी. आता चाळणीवर कोण?"

मीरा कढईपाशी उभी होती. तिने मान हलवली. "मी नाही बसणार टीचर. चार दिवस बसले, दोन दिवस परत बसले, आता डोळ्यांची आग थांबत नाही माझ्या. शेठना सांगा."

"मग नंदकिशोर बसेल," टीचर म्हणाल्या. "त्याचंच म्हणणं ना, चष्म्याशिवाय जमतं?"

दारात बारा माणसं. माघार कशी घ्यायची? नंदूशेठने शर्टच्या बाह्या वर केल्या आणि चाळणीपुढे मांडी घातली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. लवंगी आणि संकेश्वरी मिरचीचं कूट, नुकतंच कढईतून डंकात जाऊन आलेलं, ऊन ऊन. त्याने चाळणी जोरात हलवली. चाळणी जोरात हलवायची नसते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खकाण्याचा लोट उठून सरळ त्याच्या तोंडावर आला.

पहिल्यांदा ठसका. मग घाम. मग त्याचा हात डोळ्याकडे गेला, आणि लाल बोटांनी त्याने डोळा पुसला.

त्याचं ओरडणं फरशीपर्यंत आलं. वनमाला ओली घडी डोळ्यांवर ठेवून बसली होती, चष्मा कपाळावर. ती तशीच आत धावली. नंदूशेठ शर्टाचं टोक उचलून डोळ्याला लावत होता. तिने त्याचं मनगट पकडलं.

"चोळू नको! शर्ट लावू नको! तेतूय मिरची आसा."

"मेलंय गो वयनी..."

"मरणस नाय तू. ऊठ. नळाकडे चल."

तिने त्याला बखोटीला धरून नळाखाली वाकवलं, तोटी सोडली आणि बोटांऐवजी मनगटाच्या स्वच्छ बाजूने त्याची पापणी वर धरली. "उघड. मिटू नको. मीरा, घड्याळ बघ. पंधरा मिनटां."

"पंधरा?" नंदूशेठ पाण्याखालून ओरडला.

"पाणी फुकट येता," वनमाला म्हणाली. "गप रव."

दारातली माणसं नजर न हलवता बघत होती. आज मिरचीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बिल्डिंगमधली ती बाईही त्यांत होती, आणि केमिकल कुठे आहे ते तिला आता कळलं असावं, कारण तिने मुकाट्याने ओढणी डोळ्यांवर घेतली. सात मिनिटांनी नंदूशेठचं विव्हळणं थांबलं. अकरा मिनिटांनी त्याने डोकं वर काढायला पाहिलं आणि वनमालाने ते परत खाली दाबलं. पंधरा झाली तेव्हा तो उठला, गळ्यापर्यंत भिजलेला, डोळे अळूच्या देठासारखे जांभळे.

चाळणी तशीच पडली होती, टीचरांच्या मिरच्या अर्ध्या राहिल्या होत्या. मग त्याने वनमालाच्या कपाळाकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"वयनी... तुझो तो चष्मो वायच दी. एवढा चाळून होयसर."

वनमालाने चष्म्यावर हात ठेवला.

"ह्यो माझो आसा," ती म्हणाली. "माका लागता. तुका व्हयो तर हार्डवेअरवाल्याकडे गावता. जातंस तसो मीराक एक आण, चेडवाक एक आण. नायतर तूच चाळ."

नंदूशेठ तसाच उभा राहिला. माधुरी टीचर खुर्चीतून म्हणाल्या, "नंदकिशोर, दुकान एक वाजता बंद होतं." मग तो गेला. भर उन्हात, ओल्या शर्टाने, डोळे अर्धे मिटून, न्हाव्याच्या दुकानावरून. न्हाव्याने हसायला तोंड उघडलं, आणि मग आपला आरसाच पुसायला घेतला.

वनमाला नळापाशी वळली. हवेत खकाणा अजून तरंगत होता, आणि धावपळीत चष्मा कपाळावरच राहिला होता. उजव्या डोळ्यात काहीतरी टोचलं. मग गालावर काहीतरी ऊन घरंगळलं. तिला पहिल्यांदा तो घामच वाटला. पण तो थांबेना. एका डोळ्यातून, मग दुसऱ्यातून, धार लागली.

मीरा घाबरली. "वयनी, तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय!"

चौदा वर्षांची ख्याती सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हनुवटीवरून ठिबकत होती. तिने पुसलं नाही. हात मागे बांधले आणि तोंड वर करून सगळ्यांना दिसेल असं उभी राहिली.

"येवंदे," ती म्हणाली. "डोळो जितो आसा माझो."

मग तिने नळाखाली चेहरा धुतला, सुकू दिला, चष्मा घातला, पट्टा मागे ओढून घट्ट केला आणि चाळणीवर जाऊन बसली.